प्रेक्षक वाढले, शिडी मोडली : फुटबॉलचं २०१० ते २०२० हे दशक

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून फुटबॉलच्या एका दशकाचा आढावा घ्यायचा, तर सुरुवात मैदानापासून करता येत नाही, टीव्हीपासून करावी लागते. कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट इथे खेळले जातात. फुटबॉल मुख्यतः पाहिला जातो. ११ जुलै २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याकडे रात्री बाराला सुरू झाला. भारनियमनाचे दिवस होते. स्पेनच्या आंद्रेस इनिएस्टाने ११६व्या मिनिटाला नेदरलँड्सवर गोल केला तेव्हा अडीच वाजत आले होते आणि जागी माणसं मोजकीच होती. आठ वर्षांनी, १५ जुलै २०१८ रोजी, मॉस्कोतला फ्रान्स-क्रोएशिया अंतिम सामना आपल्याकडे रात्री साडेआठला, ऐन जेवणाच्या वेळी सुरू झाला. मधे २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं होतं, डेटा स्वस्त झाला होता, आणि ज्याच्या हातात फोन त्याच्या हातात सामना होता. इनिएस्टा ठाऊक असलेली पोरं शोधावी लागत. एमबापेचं नाव सांगावं लागलं नाही.

थोडक्यात, या दहा वर्षांत खेळाला प्रेक्षक मिळाला, आणि तो महानगरांपुरता राहिला नाही. पण त्याच प्रेक्षकातल्या एखाद्या तेरा वर्षांच्या मुलाला उद्या खेळाडू व्हायचं म्हटलं, तर त्याची वाट या दशकात सोपी झाली की अवघड? गोवा, मुंबई, पुणे आणि कोल्हापूर या चार ठिकाणी काय घडलं ते पाहिलं, की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होतं. त्याआधी जगाकडे एक नजर टाकू, कारण तिकडच्या पैशाची वाट शेवटी अंधेरीपर्यंत आली.

जग : खेळ वेगवान, मालक मोठे

दशकाची सुरुवात स्पेनची होती. छोटे पास देत चेंडू स्वतःकडेच ठेवायचा, ही बार्सिलोनाची शैली राष्ट्रीय संघाने उचलली. २०१०चा विश्वचषक आणि २०१२ची युरो स्पर्धा त्यांनी जिंकली; युरोच्या अंतिम सामन्यात इटलीचा ४-० असा धुव्वा उडवला. पेप ग्वार्दिओलाच्या बार्सिलोनाने २०११ साली वेंब्लीवर मँचेस्टर युनायटेडला ३-१ असं हरवलं. २०१२ या एका वर्षात मेस्सीने ९१ गोल केले. मग जर्मनांची पाळी आली. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंतेत त्यांनी यजमान ब्राझीलला ७-१ असं लोळवलं. त्यातले पाच गोल पहिल्या अर्ध्या तासातच झाले होते. अंतिम सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या मारिओ गोत्झेने ११३व्या मिनिटाला अर्जेंटिनाला रडवलं. २०१८ पर्यंत खेळ आणखी वेगवान झाला आणि पंचांच्या मदतीला व्हिडिओ आला. रेआल माद्रिदने २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीनदा युरोपचा चषक नेला. २००८ पासून मेस्सी आणि रोनाल्डो यांच्यातच फिरणारा बॅलन डी'ओर २०१८ साली लुका मॉड्रिचने त्यांच्या हातून काढून घेतला.

याहून खोल बदल मालकीत झाला. अबू धाबीच्या शेख मन्सूर यांनी २००८ साली घेतलेला मँचेस्टर सिटी १३ मे २०१२ रोजी अग्वेरोच्या भरपाई वेळेतल्या गोलने इंग्लंडचा विजेता झाला. २०११ साली पॅरिस सेंट जर्मेन कतारच्या हातात गेला, आणि २०१७ साली नेमारसाठी त्यांनी २२ कोटी २० लाख युरो मोजले. २०२२चा विश्वचषक कतारला देण्याचा निर्णय २०१०च्या डिसेंबरात झाला होता. २७ मे २०१५ रोजी झुरिकच्या हॉटेलातून फिफाचे पदाधिकारी अटकेत गेले आणि काही महिन्यांत सेप ब्लाटर यांची सद्दी संपली.

या पैशाच्या पुरात लेस्टर सिटी २०१६ साली इंग्लंडचा विजेता झाला. मोसमाच्या सुरुवातीला त्यांचा भाव ५०००ला १ होता. या गोष्टीकडे लोक चमत्कार म्हणून पाहतात. लेस्टरचा थाई मालकही काही गरीब नव्हता. पण खरी गोष्ट अशी, की २००९ साली हा क्लब तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. तिथे पहिला आला म्हणून दुसरीत गेला, दुसरी जिंकून पहिलीत आला. जिंकलं की वर आणि हरलं की खाली, ही शिडी तिथे पक्की होती, म्हणून चमत्काराला जागा राहिली. आपल्याकडे याच दशकात नेमकी ही शिडी मोडली.

गोवा : सहा वर्षांचं राज्य

२००७-०८ मध्ये राष्ट्रीय लीगचं आय-लीग असं बारसं झालं. तिथून २०१२-१३ पर्यंतची सहाच्या सहा विजेतेपदं गोव्याने नेली. देम्पोने तीन, चर्चिल ब्रदर्सने दोन आणि साळगावकरने एक. २०११च्या जनगणनेत पंधरा लाखही न भरलेल्या राज्याची ही कमाई आहे. आर्मांडो कुलासो यांच्या देम्पोकडे महागडे परदेशी फार नव्हते. गावोगावच्या चर्चसमोरच्या मैदानात वाढलेली पोरं, राज्याची भक्कम प्रोफेशनल लीग, आणि क्लबला घरचा माणूस समजणारी उद्योजक घराणी, एवढ्यावर हे राज्य उभं होतं.

ते हललं तेही मैदानाबाहेर. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यातून २०१४ साली इंडियन सुपर लीग जन्मली. २०१६च्या मे महिन्यात महासंघाने नवा आराखडा मांडला : सुपर लीग सर्वांत वर, आय-लीग तिच्याखाली, आणि खालून वर जायचा रस्ता तूर्त बंद. साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतलं, पाठोपाठ देम्पोही बाहेर पडला. विजेतेपदाने वर जाता येणार नसेल तर खर्च कशासाठी, हा त्यांचा सवाल होता. त्याला समाधानकारक उत्तर दशकभरात कुणी दिलं नाही.

गोव्याच्या माणसाने मात्र खेळ सोडला नाही. एफसी गोवा या नव्या संघाला त्याने आपलंसं केलं. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्यावर झीकोचा हा संघ अंतिम सामन्यात चेन्नईविरुद्ध ८७व्या मिनिटाला २-१ असा पुढे होता. ९०व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाच्या हाताला लागून चेंडू आत गेला, आणि दोन मिनिटांत चेन्नईच्या मेंडोझाने तिसरा गोल केला. २०१९ साली अंधेरीच्या मैदानावर बेंगळुरूविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून गोव्याला पुन्हा घरी पाठवलं ते मुंबईच्याच राहुल भेकेने. २०१९-२० मध्ये साखळीत पहिला येऊन हा संघ आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळायला पात्र ठरला. भारतीय क्लबांत तो पहिलाच. जुन्या पायावर नवं घर उभं राहिलं, हे गोव्याचं नशीब. महाराष्ट्रात तेवढंही झालं नाही.

मुंबई-पुणे : बंद दारांची यादी

रोव्हर्स चषक १८९१ पासूनचा. कूपरेजवरची ती स्पर्धा २०००-०१ नंतर पुन्हा भरली नाही, तेव्हाच खरं तर सावध व्हायला हवं होतं. २००५-०६चा राष्ट्रीय विजेता महिंद्रा युनायटेड २०१० साली बंद करण्यात आला. २०१३ साली परवान्याचे निकष पूर्ण झाले नाहीत म्हणून एअर इंडिया आणि ओएनजीसी आय-लीगमधून गेले. अशोक पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. दोन वर्षांत त्याला टाळं लागलं. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये संपला, त्याच वर्षी मुंबई एफसीही. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. दहा वर्षांत राज्यातले आठ संघ वरच्या पातळीवरून नाहीसे झाले. एकट्या पुण्याने चार संघ पाहिले, आणि दशक संपताना त्या पातळीवरचा एकही तिथे उरला नाही.

प्रत्येक बंदमागचं कारण वेगळं सांगता येईल. मालकाची आर्थिक ओढाताण, परवान्याच्या अटी, आय-लीगचं घटलेलं महत्त्व. समान धागा एवढाच, की क्लब कुणाचा हे विचारलं तर कंपनीचं नाव यायचं, पेठेचं किंवा उपनगराचं नाही. कंपनीने ताळेबंद पाहिला, क्लब बंद झाला, आणि रस्त्यावर उतरायला कुणी नव्हतं.

यातली एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. खालिद जमील यांनी २००९ पासून २०१६ पर्यंत मुंबई एफसी सांभाळला. तुटपुंज्या पैशात, बचाव घट्ट ठेवून, संघ दरवर्षी खाली घसरू न देणं हे त्यांचं काम. २०१६ मध्ये ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. ऐझॉल आदल्या मोसमात घसरून बाहेर पडला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत बोलावलं गेलं. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी करून हाच ऐझॉल भारताचा विजेता झाला, आणि त्याच मोसमात जमील यांच्याविना खेळणारा मुंबई एफसी घसरून संपला. ऐझॉलमागे अख्खं शहर होतं. मुंबई एफसीमागे दोन कोटींची मुंबई होती, पण ती मैदानात येत नव्हती. पुढे २०२५ साली जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

सुपर लीग : झगमगाट आणि कुंपण

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात सुपर लीगचा पडदा उघडला तेव्हा पहिला पराभव मुंबई सिटीच्या वाट्याला आला, ३-०. पण आठवड्याभरात नव्या मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबईने पुण्याला ५-० असं धुतलं आणि आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली. रणबीर कपूर मालकांत होता, पुण्याच्या बाजूला हृतिक रोशन. मैदानात उतारवयातले का होईना, युंगबर्ग, आनेल्का, त्रेझेगे आणि नंतर दिएगो फोरलान होते. मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर फुटबॉलला रोजची जागा मिळाली ती याच दिवसांत. मैदानं सुधारली, खेळाडूंची मानधनं वाढली, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ संघात आले. याचं श्रेय लीगला दिलंच पाहिजे.

तोट्याची बाजूही तितकीच खरी. पहिला मोसम जेमतेम दहा आठवड्यांचा होता आणि अकरांत सहा परदेशी खेळू शकत होते. प्रवेश पैशाने मिळत होता, आणि तळाला गेलं तरी हकालपट्टी नव्हती. २०१९च्या नोव्हेंबरात मँचेस्टर सिटीच्या मूळ कंपनीने, सिटी फुटबॉल ग्रुपने, मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला. अबू धाबीचा पैसा अंधेरीत आला तो असा. संघाने गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आणले, आणि करोनामुळे सगळी लीग गोव्याच्या तीन मैदानांवर कोंडून खेळवली जात असताना, १३ मार्च २०२१ रोजी बिपिन सिंगच्या ९०व्या मिनिटाच्या गोलने मुंबईला पहिलं विजेतेपद मिळालं. साखळीही त्यांनीच जिंकली होती. स्टेडियम रिकामं होतं. खेळ म्हणून तो संघ देखणाच होता. पण त्या यशात महाराष्ट्रात घडलेले खेळाडू किती होते, हे विचारलं तर बोटं दुमडायला फार वेळ लागत नाही.

राष्ट्रीय संघ : २,५६९ प्रेक्षक

२०११च्या जानेवारीत भारत २७ वर्षांनी आशियाई चषकात खेळला. ऑस्ट्रेलियाने चार, बहारीनने पाच, दक्षिण कोरियाने चार गोल चढवले. बायचुंग भुतियाचा काळ संपून सुनील छेत्रीचा सुरू झाला. २०१५च्या मार्चमध्ये फिफा क्रमवारीत संघ १७३वर घसरला. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी तरुणांना संधी देत २०१७च्या जुलैत तो ९६वर आणला. ६ जानेवारी २०१९ रोजी आशियाई चषकात, अबू धाबीत, थायलंडला ४-१ असं हरवलं, पण शेवटच्या सामन्यात बहारीनविरुद्ध भरपाई वेळेतल्या पेनल्टीने बाद फेरीचं स्वप्न मोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात दोह्यात आशियाई विजेत्या कतारला गोलशून्य बरोबरीत रोखलं ते गुरप्रीत सिंग संधूच्या हातांनी.

या दशकाचा खरा चेहरा मात्र अंधेरीत दिसला. १ जून २०१८ रोजी मुंबई फुटबॉल अरीनावर भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, छेत्रीने हॅटट्रिक केली आणि प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओतून हात जोडले : शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. ४ जूनला केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा सामना होता. तिकिटं संपली. जोराच्या पावसाने मैदानात पाणी साचलं, पहिल्या अर्ध्यात चेंडू पायातून सुटून चिखलात अडकत होता. उत्तरार्धात त्याने पेनल्टीवर गोल केला, जेजेने दुसरा, आणि अगदी शेवटी छेत्रीने गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला. १० जूनला, याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, आणखी दोन गोल करून तो ६४ आंतरराष्ट्रीय गोलांवर, तेव्हाच्या मेस्सीच्या बरोबरीला, पोचला. मेस्सीचा सामना पाहायला पहाटेपर्यंत जागणाऱ्या देशात त्याच्याइतके गोल करणाऱ्या घरच्या माणसाला हात जोडावे लागले. पडद्यावरचा प्रेक्षक आपोआप मैदानात येत नाही, हे एवढ्यात सिद्ध झालं.

दहा लाख मुलं, एक दिवस

२०१७च्या ऑक्टोबरात भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. नवी मुंबई आणि गोवा यजमान शहरांत होते. स्पेन-माली उपांत्य सामना डी. वाय. पाटीलवर झाला. एकूण १३ लाख ४७ हजारांवर प्रेक्षक आले, तो त्या वयोगटाचा विक्रम ठरला. भारताचा पहिला गोल ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगच्या हेडरने झाला. ८२वं मिनिट, १-१, आणि जल्लोष संपायच्या आत ८३व्या मिनिटाला कोलंबियाने पुन्हा गोल केला. त्या संघात कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला अनिकेत जाधव होता, आणि मुंबईत जन्मून अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे. मराठी मुलगा विश्वचषकात खेळायचे हे दोन रस्ते : सरकारी क्रीडा निवासी शाळा किंवा न्यू जर्सी.

स्पर्धेआधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला. तालुक्यातालुक्यांतल्या शाळांच्या पटांगणात चेंडू आला. कल्पना चांगली होती. पण एका दिवसाने उत्सव होतो, मोसम होत नाही. शाळेच्या संघाला तालुका, जिल्हा, विभाग अशा बाद फेरीच्या शालेय स्पर्धा असतात. पहिल्याच सामन्यात हरला तर त्या संघाचं वर्ष तिथेच संपतं. मुलींचं तर आणखी कठीण. त्यांची राष्ट्रीय लीग २०१६-१७ मध्ये कुठे सुरू झाली, आणि २०२० साली भारतात ठरलेला मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक करोनामुळे २०२२ पर्यंत लांबला.

कोल्हापूर : मुळं आहेत, शिडी नाही

महाराष्ट्रात मैदानातल्या प्रेक्षकाचा प्रश्नच न पडलेलं शहर एकच. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं कंपन्यांची नाहीत, तालमींची आणि मंडळांची आहेत. १९४० साली स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, अर्थात केएसए, लीग चालवते आणि राजर्षी शाहू स्टेडियम भरतं. वर्गणी पेठेची, खेळाडू गल्लीतला, मदतीला कधी नायजेरियाचा आघाडीवीर. विश्वचषक आला की अर्जेंटिना-ब्राझीलचे झेंडे गल्लोगल्ली. ईर्षा इतकी, की समर्थकांच्या हाणामारीने सामने थांबण्याची वेळ येते; ती या फुटबॉलची जुनी आणि लाजिरवाणी दुखरी नस आहे.

मुंबई-पुण्यात आठ संघ गेले त्या दहा वर्षांत या तालमी टिकल्या, कारण त्या बंद करायचा अधिकार कुठल्या संचालक मंडळाकडे नव्हता. पण त्यांचंही एक अडलं. शाहू स्टेडियमवरचा विजेता पुढे कुठे जातो? कुठेच नाही. त्याच्यासाठी राज्याची आणि मग देशाची पायरी नव्हती. गुणी पोरगा एकटा उठून बाहेर गेला तर गेला. २०१६ साली नागपुरात महाराष्ट्र संतोष करंडकाच्या अंतिम फेरीत पोचला आणि सेनादलाकडून २-१ असा हरला. म्हणजे गुणवत्ता आटली नव्हती. ती वर नेणारी व्यवस्था आटली होती.

हिशेब

दशकाची बेरीज-वजाबाकी मांडली तर चित्र असं दिसतं. मुंबईला शिडीच्या शेंड्यावरची जागा मिळाली, खालच्या पायऱ्या गेल्या. कोल्हापूरकडे मुळं होती, वर जायची पायरी नव्हती. गोव्याकडे दोन्ही होतं, त्यातलं एक धोरणाने काढून घेतलं. आणि सोलापूर जिल्ह्यासारख्या भागाकडे, जिथे बार्शीचा मुलगा सत्तर किलोमीटरवरच्या जिल्ह्याच्या गावाला जाऊन वर्षाला दोन-चार सामने खेळतो, यातलं काहीच नव्हतं. फक्त फोनवर रात्रभर जगातला उत्तमोत्तम फुटबॉल होता. रेआल माद्रिदचा बचाव कुठे चुकला हे त्याला कळतं, पण डाव्या पायाने चेंडू थांबवायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

सुपर लीगला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे, पण अपुरं. मोठी लीग हवीच. तिच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत वर्षभर चालणारी लीग, तेरा वर्षांखालच्या मुलांना मोसमात वीस तरी सामने, परवाना असलेला एक प्रशिक्षक आणि शिट्टी वाजवणारा एक शिकलेला पंच, एवढं खर्चाने फार नाही. डी. वाय. पाटीलवरच्या एका सामन्याच्या रोषणाईपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल. ते उभं करायचं काम राज्य संघटनेचं, जिल्हा संघटनांचं आणि क्रीडा खात्याचं होतं, आणि या दशकात कोल्हापूर-मुंबईसारखे अपवाद सोडले तर ते झालं नाही. पुढच्या दशकाचं मोजमाप चषकांनी किंवा विकल्या गेलेल्या जर्सींनी होऊ नये. महाराष्ट्राच्या छत्तीसपैकी किती जिल्ह्यांत मुला-मुलींची लीग दरवर्षी न चुकता भरते आणि तिचा विजेता पुढे कुठे खेळायला जातो, हे दोन आकडे पुरेसे आहेत.